तालुक्यात एकटेच समुपदेशक असाल तर: सुपरव्हिजन कसं लावून घ्यायचं

एम.ए. किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा झाला. चिपळूणच्या एखाद्या शाळेत नोकरी लागली, किंवा कुडाळात कुणा डॉक्टरांच्या दवाखान्यातली मागची खोली आठवड्यातून तीन दिवस मिळाली. क्लायंट येऊ लागतात. लवकरच असं कुणीतरी समोर बसतं की पुढे काय करायचं हे पुस्तकात सापडत नाही आणि विचारावं असं दुसरं माणूस तालुक्यात नाही. म्हणून सुपरव्हिजन आधी लावून ठेवायचं. अडल्यावर शोधायला निघालात तर जो फोन उचलेल तोच तुमचा सुपरव्हायझर होतो.

सुपरव्हिजन म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अनुभवी माणसासोबत, तुम्ही क्लायंटबरोबर करत असलेलं काम उलगडून पाहणं. क्लायंटचं नुकसान होत नाही ना हे पाहायचं, तुमचं कौशल्य वाढवायचं आणि तुमच्यावर आलेला ताण उतरवायचा, अशी तिहेरी कामगिरी त्या एका तासात चालते. ताण उतरवण्यातच तास गेला तर ती तुमची स्वतःची थेरपी झाली. चुकाच काढत बसलं तर तपासणी झाली. मैत्रिणीला रात्री फोन करून "आज एक केस आली होती गं" म्हणणं यात बसत नाही. त्याची नोंद नसते, जबाबदारी कुणाचीच नसते आणि क्लायंटला त्याचा पत्ताही नसतो.

शाळेचे मुख्याध्यापक किंवा संस्थेचे सचिव हे तुमचे वरिष्ठ असतील, पण क्लिनिकल, म्हणजे क्लायंटबरोबरच्या कामाचे, सुपरव्हायझर नव्हेत. तुमच्या कराराच्या नूतनीकरणावर ज्याची सही लागते त्याला "कालचं सेशन माझ्याकडून बिघडलं" असं कुणी सांगत नाही. ही दोन खाती शक्यतो वेगळ्या माणसांकडे ठेवा.

कायद्याच्या बाजूने स्थिती अशी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यांचं प्रशिक्षण देखरेखीखालीच होतं. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचे काही वर्ग आले आहेत. मात्र प्रॅक्टिस सुरू झाल्यावर प्रत्येक समुपदेशकाने आयुष्यभर सुपरव्हिजन घ्यावं, अशी सक्ती आपल्याकडे नाही. ब्रिटनमधली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या अधिस्वीकृत सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजनची अपेक्षा करते. आपल्याकडे विचारणारं कोणी नसल्यामुळे हे स्वतःच्या अंगाला लावून घ्यावं लागतं.

पायरी १: किती आणि कसं

पहिली दोन वर्षं आठवड्याला एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन ठेवा. आठवड्याला चार-पाचच क्लायंट असतील तर पंधरवड्याला एक तास चालेल. त्याहून लांबलं की मधल्या काळात केस पुढे निघून जाते आणि तुम्ही सल्ला घेत नाही, नुसतं घडलेलं सांगता.

गट स्वस्त पडतो. चार जण, दोन तास, दोन केसेस. म्हणजे एक आड एक बैठकीत तुमची पाळी. दुसऱ्यांच्या केस ऐकूनही शिकायला मिळतं, पण तुमच्या वाट्याचे मिनिट मोजून घ्या. दोन तासांच्या गटात बसलात म्हणजे तुमच्या क्लायंटना दोन तास मिळाले असं नाही. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्याच चौघांनी गट करणं कितीही सोयीचं वाटलं तरी टाळलेलं बरं. लांजा आणि राजापूर यांच्यात अंतर ते किती! तुमचा क्लायंट दुसऱ्याच्या मावशीचा जावई निघतो. नागपूर, जळगाव, लातूरकडची माणसं असलेला ऑनलाईन गट मिळाला तर तो घ्या.

पायरी २: माणूस निवडणं

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिक सोशल वर्कर किंवा दीर्घ अनुभवाचे थेरपिस्ट चालतील. सुपरव्हिजनचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर उत्तम. सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मानसोपचाराचे डॉक्टर, निदान, औषधं आणि जोखीम यांत भक्कम आधार देतात. पण सेशनमध्ये तुम्ही काय बोललात, कुठे थांबलात यावर काम करायची सवय प्रत्येकालाच असते असं नाही. तुमचे स्वतःचे थेरपिस्ट, नातेवाईक, ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार आहे असे, आणि ज्यांच्या क्लिनिकमध्ये तुम्हाला पुढे नोकरी हवी आहे असे, हे चारही जण वगळा.

पहिल्या फोनवर थेट विचारा: तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? सध्या किती जणांना सुपरव्हिजन देता? तुम्ही स्वतः कुणाकडे जाता का? दोन बैठकींच्या मध्ये तातडीचा प्रसंग आला तर किती वेळात गाठता येईल? तुमचं मूळ गाव, सासर, आजोळ कुठलं? शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, पण मुंबई-पुण्यात बसलेले कितीतरी तज्ज्ञ मुळात संगमेश्वरचे किंवा देवगडचे असतात आणि गणपतीला तुमच्याच तालुक्यात येतात. गाव कळलं की कुठली केस त्यांच्याकडे न्यायची नाही हे आधीच ठरवता येतं.

एक खूण लक्षात ठेवा. ओळखीच्या पहिल्याच बोलण्यात ते दुसऱ्या समुपदेशकाची केस नावागावासकट रंगवून सांगू लागले, तर चहा संपवून निरोप घ्या.

रेफर करायची यादी वेगळी करा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग, जवळचे खासगी सायकिअॅट्रिस्ट, यांचे ओपीडीचे वार आणि फोन या यादीत लिहा. ही ठिकाणं क्लायंटसाठी आहेत. सुपरव्हायझर ही तुमची सोय. नवे लोक या दोन याद्यांची गल्लत करतात आणि मग सुपरव्हायझरलाच "तुम्ही एकदा बघाल का तिला?" असं विचारतात.

पायरी ३: लेखी करार

दीड-दोन पानं पुरतात. किती दिवसांनी, किती वेळ, फी किती, रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं, नोंदी कोण ठेवणार, तुमचं काम क्लायंटला धोकादायक वाटलं तर सुपरव्हायझर काय करतील, सुपरव्हिजनचे किती तास झाले याचं पत्र देतील का, हे सगळं त्यात यावं. सहा बैठकींनंतर आढावा असं कलम घाला. ते असलं की जमत नसेल तर दोघांनाही न दुखावता बाहेर पडता येतं.

आपल्याकडे कोकणात एक कलम जास्तीचं लागतं: पावसाळ्याचं. जूनपासून लाईट आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. व्हिडिओ तुटला तर दहा मिनिटं थांबायचं, मग साधा फोन लावायचा, तोही नाही लागला तर त्याच आठवड्यातली ठरलेली राखीव वेळ घ्यायची, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये सलग तीन बैठका वाहून जातात. बोलायला जागाही पाहून ठेवा. माजघरातून बोललात तर पडवीत बसलेल्याला सगळं ऐकू जातं. दार लावलेली खोली, कानात माईकवाले इअरफोन. आणि छप्पर पत्र्याचं असेल तर पावसाच्या सरीत वैयक्तिक काही बोलूच नका. तुम्ही आवाज चढवता आणि पलीकडे सुपरव्हायझरला तरी पत्र्याचाच आवाज ऐकू जातो.

पायरी ४: क्लायंटची संमती

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि अपवादही सांगितले आहेत. सुपरव्हिजन त्या अपवादांत आपोआप बसतं असं धरून चालू नका. पहिल्याच सेशनला सांगा आणि संमतीपत्रावर ओळ घाला. बोलताना असं सांगता येईल: "माझं काम नीट होतंय ना हे पाहायला मी एका अनुभवी तज्ज्ञांशी नियमित बोलते. तुमचं नाव, गाव, ओळख पटेल असं काही तिथे सांगत नाही. यावर काही विचारायचं आहे का?" बहुतेकांना बरंच वाटतं. कुणी "ते कोण, कुठले?" असं विचारलं तर सुपरव्हायझरचं नाव सांगायला हरकत नसावी. नेमकी ओळखीची व्यक्ती निघाली तर ते आधी कळलेलं बरं.

रेकॉर्डिंगसाठी वेगळी संमती घ्या: कशासाठी, कोण ऐकणार, कोणत्या तारखेला पुसणार, आणि नको म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत हेही सांगा. शाळेत मुलांसाठी पालकांची सही लागते, पण मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत विचारा.

पायरी ५: ओळख झाकणं

कोकणात सगळ्यात जास्त घसरतं ते इथे. मोठ्या शहरात नाव बदललं की काम भागतं. इथे नावाची गरजच पडत नाही. "खाडीकाठच्या वाडीतली, नवरा बोटीवर, सासरे देवस्थानचे मानकरी, धाकटा दीर गेल्या शिमग्यात वारला." एवढं सांगितलं की ऐकणारा त्या तालुक्यातला असेल तर घराच्या पायऱ्याही सांगेल.

सारांश लिहून झाल्यावर तो त्या तालुक्यातल्या एसटी कंडक्टरच्या नजरेने वाचा. कोणते तीन तपशील एकत्र आले की माणूस ओळखू येतो? त्यातले दोन ढिले करा. वाडी, आडनाव, मानपान, गावात एकाच माणसाकडे असलेला हुद्दा (सरपंच, पोस्टमास्तर, तलाठी), पेपरात आलेली घटना हे बहुधा काढावंच लागतं. वरची ओळ अशी होईल: "तिशीतली विवाहित स्त्री, नवरा वर्षातले बरेच महिने घराबाहेर, सासरकडच्यांना समाजात मान, घरात वर्षाच्या आत एक अकाली मृत्यू."

इथे तपशील ढिला केला, खोटा केला नाही. दिराच्या जागी बहीण घातली किंवा अपघाताच्या जागी आजार लिहिला तर सुपरव्हायझर दुसऱ्याच एका बाईसाठी सल्ला देतात आणि तो तुम्ही हिला लावता. ज्या गोष्टींवर दुखणं टेकलेलं आहे त्यांना हात लावायचा नाही. मच्छीमार कुटुंबातला माणूस जून-जुलैच्या मासेमारी बंदीत दरवर्षी खचत असेल तर "हंगामी व्यवसाय, पावसाळ्यात उत्पन्न बंद" एवढं राहिलंच पाहिजे.

फोनमध्ये क्लायंटचा नंबर "आमची केस" अशा खुणेने सेव्ह करू नका. संकेतांक द्या आणि संकेतांकांची वही कुलुपात ठेवा. वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर सुपरव्हायझरला पाठवणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. तो फोटो तुमच्या गॅलरीत राहतो, तिथून बॅकअपला जातो, आणि घरातलं मूल गेम खेळताना तो उघडतो.

पायरी ६: तयारी

बैठकीआधी अर्धा तास द्या आणि एकच पान लिहा. सगळ्यात वर प्रश्न, एका वाक्यात. त्याखाली चार ओळी क्लायंटबद्दल, तुम्हाला प्रश्न कसा उमगला ते, आतापर्यंत काय केलं, जोखीम काय, आणि या क्लायंटसमोर बसल्यावर तुम्हाला काय वाटतं. हे शेवटचं नवे लोक गाळतात. पण कंटाळा, राग, वाचवायची धडपड, घड्याळाकडे जाणारी नजर या सगळ्यातून केसबद्दल माहिती मिळते.

प्रश्नावर मेहनत घ्या. "या केसचं काय करू?" असं विचारलं की सुपरव्हायझर व्याख्यान देतात. "चौथ्या सेशनपासून तो वीस मिनिटं उशिरा येतो, मी ते त्याच्याकडे काढत नाही, मला काय अडवतंय आणि कसं काढू?" असं विचारलं की काम सुरू होतं.

सारांशासोबत संवादाच्या आठ-दहा ओळी जशाच्या तशा आणा, क्लायंटच्याच बोलीत. रेकॉर्डिंग नसेल तर सेशन संपल्यावर पाच मिनिटांच्या आत आठवून लिहा. त्याचा फायदा असा:

क्लायंट: झोप येणा नाय. बाकी सगळा बरा आसा.
समुपदेशक: झोपायच्या आधी मोबाईल बघता का?
क्लायंट: व्हय, बघतंय.
समुपदेशक: तासभर आधी बंद करून बघा.
क्लायंट: बरा.

हेच तुमच्या नोंदवहीत "झोपेच्या सवयींवर चर्चा केली" असं दिसेल आणि त्यात खोटं काही नाही. पण ओळी समोर आल्या की कळतं, झोप कशामुळे येत नाही हे कुणी विचारलंच नाही. "बाकी सगळा बरा आसा" हे न विचारता दिलेलं उत्तर होतं. आणि शेवटच्या "बरा"ने त्याने विषय मिटवून टाकला. सुपरव्हायझर इथे बोट ठेवतील: दुसऱ्या ओळीच्या जागी तुम्ही काय म्हणाला असता? मोठ्याने म्हणून पाहा, दोन-तीन प्रकारे. सिद्धांताच्या तासभर चर्चेपेक्षा ही दहा मिनिटं जास्त उपयोगाची.

नेहमी सगळ्यात अवघड केसच आणायची नाही. जी छान चाललीय असं वाटतं, जी लिहायची राहून जाते, जी रद्द झाली की हायसं वाटतं, त्या केसेसही आणा. शिवाय महिन्यातून एकदा सगळ्या चालू क्लायंटची यादी, प्रत्येकी एक ओळ, वाचून दाखवा.

साठ मिनिटं साधारण अशी जातात: मागच्या बैठकीत ठरलेलं झालं का, पाच मिनिटं, जोखमीच्या केसेस, दहा, मुख्य केस, पस्तीस, ठरलेलं लिहून घेणं, दहा. जोखीम शेवटावर ढकलली की दार लावता लावता "अगं हो, तो मरायचं बोलत होता" असं बाहेर येतं.

थांबायचं नाही अशा गोष्टी

आत्महत्येचा विचार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, घरातला जीवघेणा हिंसाचार यांसाठी पुढच्या गुरुवारची वाट पाहायची नसते. आधी कृती, त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा: विचार येतात का, कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का. थेट विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. आपल्याकडे बागायतदारांच्या घरात आंब्या-काजूच्या फवारणीची औषधं पडवीत किंवा मांगरात (बागेतल्या खोपटात) उघडी असतात. ती आजच्या आज घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या कुलुपात जातील असं घरच्यांशी ठरवा. माणसाला एकटं सोडायचं नाही. सायकिअॅट्रिस्ट किंवा रुग्णालय गाठायचं. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, जीव धोक्यात असेल तर ११२. प्रयत्न झालेला असेल तर "पोलीस केस होईल" म्हणून घरचे दडवतात. २०१७च्या कायद्याच्या कलम ११५नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याखेरीज त्याच्यावर खटला चालवता येत नाही, हे त्यांना सांगा.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२च्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. "आपण आधी घरच्यांशी बोलून बघू" असं सुपरव्हायझर म्हणाले, मुख्याध्यापक म्हणाले, गावच्या चार जाणत्यांनी म्हटलं, तरी तुमची जबाबदारी उतरत नाही. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

देव, भगत आणि तुम्ही

अंगात येणं, बाहेरची बाधा, कौल लावणं हे विषय क्लायंटकडून येणारच. नवा समुपदेशक एक तर हसून सोडतो, नाहीतर घाबरून गप्प बसतो. दोन्हीकडे क्लायंट पुढच्या वेळी ते सांगायचं बंद करतो. सुपरव्हिजनमध्ये हे असं मांडा: त्या उपायातून घराला काय मिळतंय, औषध बंद झालंय का, पैसा किती गेला, आणि मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं असं काही आहे का. गाऱ्हाणं घालून औषधही चालू असेल तर वाद घालायचं कारण नाही. मारहाण असेल तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो, आणि मग ती वरच्या, वाट न पाहायच्या गोष्टींतली केस झाली.

सुपरव्हायझर शहरातले असतील तर त्यांना हे सगळं समजावण्यात पहिल्या दोन-तीन बैठका जातील. ते ऐकून घेत असतील तर तो वेळ फुकट जात नाही. "हे सोडा, डायग्नोसिस सांगा" असं म्हणत असतील तर आढाव्याच्या वेळी बोलून दाखवा.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते लपवल्यामुळे. तुम्ही फक्त जमलेलं सांगता, सुपरव्हायझर खूश, आणि अडलेलं तसंच राहतं. उपाय साधा: दर बैठकीत "या आठवड्यात माझं चुकलेलं एक वाक्य" असा ठरलेला रकाना ठेवा. रकाना असला की लाज कमी वाटते.

दुसरं, क्लायंटचं वागणं तुमच्यातून सुपरव्हिजनमध्ये येतं. "काहीच होणार नाही" म्हणणाऱ्या क्लायंटबद्दल बोलताना तुम्हीही सुपरव्हायझरच्या प्रत्येक सूचनेला "ते करून झालं" म्हणू लागता. हॅरल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये हे लिहून ठेवलं आहे. ते लक्षात आलं की रागवायचं नाही. त्या खोलीत क्लायंटसमोर काय होत असेल याची ती चुणूक असते.

तिसरं, सुपरव्हायझर दर वेळी तयार उत्तर देतात आणि तुम्ही ते क्लायंटपर्यंत पोचवता. तीन महिन्यांनी पाहा: बैठकीत तुम्ही जास्त बोलता की ते? आणि तुमचे क्लायंट स्वतःकडे वळवून घेणारे, रेफर केल्याबद्दल कमिशन देऊ करणारे किंवा वैयक्तिक जवळीक वाढवू पाहणारे सुपरव्हायझर असतील तर आढाव्याची वाट पाहू नका, लेखी कळवून थांबा.

नोंदी, फी आणि बदल

बैठक झाल्यावर चार ओळी लिहा: तारीख, क्लायंटचा संकेतांक, काय ठरलं, कधीपर्यंत. ही वही क्लायंटच्या फाईलपासून वेगळी ठेवा, पण जोखमीबाबत जे ठरलं ते फाईलमध्येही एका ओळीने नोंदवा.

फीचा ताण येतोच. शाळेत असाल तर वर्षाचं अंदाजपत्रक होण्याआधी संस्थेला अर्ज द्या: महिन्याला किती तास, किती रक्कम, आणि यात मुलांची नावं कुठेही जात नाहीत हे स्पष्ट लिहून. स्वतःची प्रॅक्टिस असेल तर सुपरव्हिजनचा खर्च खोलीच्या भाड्यासारखा धरा आणि सेशनची फी ठरवतानाच त्यात मिळवा.

सुपरव्हायझर बदलायचा असेल तर दोन बैठका आधी सांगा. शेवटच्या बैठकीत जोखमीच्या चालू केसेस एकेक करून घ्या, त्यांच्याकडे असलेली रेकॉर्डिंग पुसल्याची खात्री करा, आणि एकूण तासांचं सहीचं पत्र तिथल्या तिथे मागून घ्या. सहा महिन्यांनी मागितलंत तर दोघांनाही जुन्या डायऱ्या उपसत बसावं लागतं.